लंगोटाची पणती

भाची सुट्टी संपवून हॉस्टेलला परत गेली आणि माझ्या कपाटात एक उघडं पाकीट विसरली. आत दोन नग उरले होते. फिक्या जांभळ्या रंगाच्या, चुण्याचुण्यांच्या, हाताला कागद आणि कापड यांच्या मधलंच काहीतरी लागणाऱ्या चड्ड्या. पाळीत रात्री घालायच्या, सकाळी कडेनं फाडून काढायच्या आणि टाकून द्यायच्या. फोन केला तर म्हणाली, "राहू दे गं मावशी, तूच वापर. निवांत झोप लागते." मावशीची पाळी जाऊन दोन वर्षं झाली, हे तिच्या गावीही नव्हतं. मग मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, कात्री घेतली आणि एक चड्डी मधोमध उभी कापली.

वरचा मऊ थर न विणलेल्या कापडाचा. कमरेच्या भागात असे दोन पापुद्रे, आणि त्यांच्यामध्ये ताणून चिकटवलेले केसासारखे बारीक रबरी धागे. कमरेपासून मांडीपर्यंत मी सोळा मोजले आणि कंटाळून सोडून दिलं. चुण्या त्या धाग्यांच्याच. मांडीच्या दोन्ही कडांना शेताच्या बांधासारखी उभी राहणारी झालर. मध्ये पुढून पार मागपर्यंत गेलेली पांढरी गादी, आणि गादी फाडली तर पिंजलेल्या कापसासारख्या लगद्यात रव्याएवढे पांढरे दाणे. सगळ्यात खाली पातळ प्लास्टिक. गादीच्या अर्ध्या तुकड्यावर वाटीभर पाणी ओतलं. मिनिटभरात दाणे फुगून गार झालेल्या साबुदाण्याच्या खिरीसारखे थलथलीत झाले. बोटानं दाबलं, तरी पाणी बाहेर येईना.

आई शेजारच्या खुर्चीत बसून हा उद्योग बघत होती. वय ८१. उरलेली दुसरी चड्डी तिनं हातात घेतली, कंबरेला ताणून पाहिली, उलटीपालटी केली आणि म्हणाली, "अगं, हा तर लंगोट. पुढनं मागं पट्टी, कंबरेला दोरा. एवढंच ना?"

एवढंच. आणि त्या 'एवढंच'पाशी परत पोचायला शंभरावर वर्षं लागली.

पाळीच्या साधनांचा इतिहास सहसा शोषण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी कापड, मग कापूस, मग लगदा, मग जेल. तो खरा आहे, पण अर्धा. बायकांचा रोजचा प्रश्न त्याहून साधा होता. घेतलेली कापडाची घडी जागेवर राहायची कशी? तिला धरायचं कोणी? कापड रक्त पीतच होतं. चालताना, वाकताना, कुशीवर वळताना ते हललं की घात व्हायचा. म्हणून या चड्डीची वंशावळ काढायची तर गादीच्या मागे जाऊन भागत नाही, नाडीच्याही मागे जावं लागतं.

आईनं सांगितलेली तिच्या घरची रीत अशी. जुनं सुती लुगडं फाडायचं, त्याच्या घड्या करायच्या. 'घडी घेणं' हाच शब्द. कंबरेला नाडी, नाडीला पुढून-मागून अडकवलेली कापडाची लांब पट्टी, त्या पट्टीत घडी. तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, नऊवारीचा काष्टा असायचा आणि तो घट्ट असला की बरंचसं काम तोच करायचा. पाचवारी आणि परकर आले तशी आधाराची ही सोय गेली आणि नाडीचं महत्त्व वाढलं. घड्या धुवायच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात आणि वाळत घालायच्या दुसऱ्या कपड्याखाली. उन्हात उघड्यावर टाकायची सोय नाही. दमट घड्या, सोलवटलेल्या मांड्या, आणि वर 'बाहेरची झालीय', 'कावळा शिवला', 'बाजूला बसलीय'. १४व्या शतकातल्या संत सोयराबाईंनी अभंगातून थेट विचारलं होतं की विटाळ देहातच जन्मतो तर विटाळावाचून कोण आहे. तो प्रश्न आपण वारीत गायला आणि घरी येऊन घड्या पुन्हा परकराखाली वाळत घातल्या.

लंगोटाची ही आकृती दवाखान्यातही होती. बाळंतिणीला किंवा त्या भागाच्या शस्त्रक्रियेनंतर बांधतात त्या टी-बँडेजचा आकार नेमका हाच: कंबरेला आडवी पट्टी, तिला मधोमध जोडलेली उभी. इंग्रजी टी अक्षर म्हणा किंवा लंगोट म्हणा.

पाश्चात्त्य बाजारात घडी विकत मिळू लागली ती १९व्या शतकाच्या शेवटी. बर्मिंगहॅमच्या साउथॉल कंपनीच्या 'सॅनिटरी टॉवेल'च्या जाहिराती १८८०च्या दशकातल्या. अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सननं १८९६ मध्ये 'लिस्टर्स टॉवेल्स' काढले, जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांच्या नावानं. माल चांगला होता, पण त्याची उघड जाहिरात करायची पंचाईत. आणि जिची जाहिरात होत नाही ती वस्तू दुकानात मागायची कोणी?

खरी कलाटणी पहिल्या महायुद्धानं दिली. किंबर्ली-क्लार्क या कागद कंपनीनं लाकडाच्या लगद्यापासून 'सेल्यूकॉटन' बनवलं होतं. कापसाच्या पाचपट शोषणारं आणि किमतीनं निम्मं. ते जखमांवर बांधायला आघाडीवर गेलं. तिथल्या नर्सनी ते आपल्यासाठीही वापरलं. युद्ध संपलं, लगद्याचा साठा उरला, आणि १९२० मध्ये 'कोटेक्स' बाजारात आलं. १२ नगांचं खोकं ६० सेंटला. शोध कंपनीच्या नावावर जमा आहे. तो लावला कुठल्या तरी लष्करी इस्पितळातल्या रात्रपाळीच्या बायकांनी, आणि त्यांची नावं कुठे नाहीत. विक्रीची युक्तीही मजेशीर. काउंटरवर खोकी आणि शेजारी पैशांचा डबा. पैसे टाकायचे, खोकं उचलायचं, दुकानदाराशी बोलायचं नाही. आपल्याकडच्या मेडिकलमधली काळी पिशवी त्याच डब्याची धाकटी बहीण.

पण या पॅडला दोन्ही टोकांना लांब शेपट्या होत्या. त्या कशाला अडकवायच्या? कंबरेच्या पट्ट्याला. इलॅस्टिकचा पट्टा, पुढं-मागं पिना किंवा आकडे. म्हणजे पुन्हा लंगोटच. आपल्याकडे आलेल्या सुरुवातीच्या पॅडलाही असेच लूप असायचे. पट्टा कातडीला काचायचा आणि मागचा आकडा बसलं की टोचायचा. पट्ट्यावरून रक्त उतरू नये म्हणून अमेरिकेत रबराचे 'सॅनिटरी ब्लूमर' आणि मागून बांधायचे रबरी एप्रन विकले जात. आमच्या चड्डीची ही एक चुलत आजी. गळती थांबवायची, पण उन्हाळ्यात आतल्या बाईचं काय होत असेल, याचा विचार कॅटलॉग छापणाऱ्यानं केलेला दिसत नाही.

पट्टा सुधारायला निघालेली एक बाई मात्र लक्षात ठेवावी अशी आहे. मेरी बिअ‍ॅट्रिस डेव्हिडसन केनर. १९५६ मध्ये तिला पट्ट्याचं पेटंट मिळालं. कमीजास्त करता येणारा पट्टा, आणि पुढं त्यात पॅडसाठी ओल न झिरपणारा कप्पा. एका कंपनीनं उत्सुकता दाखवली, भेटायला माणूस पाठवला, आणि ती कृष्णवर्णीय आहे हे कळल्यावर माघार घेतली. पेटंटची मुदत संपली आणि तिला त्यातून काही मिळालं नाही.

१९६९ मध्ये 'स्टेफ्री' आलं आणि पट्टा एका झटक्यात म्हातारा झाला. पॅडच्या पाठीला डिंकाची पट्टी, वरचा कागद सोलायचा आणि चिकटवायचं. दोन वर्षांत इतरांनीही तेच केलं. आपण 'पॅड' म्हणतो तेव्हा जे डोळ्यांपुढे येतं, ते हे.

या डिंकानं एक गोष्ट गुपचूप बदलली. पॅड आता बाईच्या कंबरेला बांधलेलं नव्हतं, तिच्या चड्डीला चिकटलेलं होतं. म्हणजे चड्डी हा यंत्राचा भाग झाली. ती नीट मापाची, इलॅस्टिक न गेलेली, सुती असायला हवी. आपल्याकडच्या किती घरांत बायकांच्या निकरला एवढा मान होता? पाळीसाठी मुद्दाम राखून ठेवलेली, डाग पडून पडून तपकिरी झालेली, इलॅस्टिक सैल झालेली निकर, ही आमच्या पिढीची सार्वत्रिक वस्तू. चांगल्या निकरला डाग नको म्हणून वाईट निकर, आणि ती सैल म्हणून पॅड हलतं, म्हणून डाग. हे चक्र आम्ही पंचवीस-तीस वर्षं इमानेइतबारे फिरवलं.

रात्री तर डिंक हरतोच. उभं असताना रक्त खाली येतं, आडवं झालं की ते मागे सरकतं, नितंबांच्या मधल्या घळीतून पाठीकडे. पॅड त्या घळीत शिरत नाही, ते वरून पुलासारखं राहतं. मग पॅड लांब करायचं: २८० मिलिमीटर, ३२० मिलिमीटर, ४०० मिलिमीटरच्याही पुढं. मागं पंखा, कडांना पाखं. माझ्या मोठ्या बहिणीची यावरची तोड होती दोन पॅड, एक पुढं एक मागं, वर घट्ट सलवार, खाली चौघडी केलेली चादर आणि रात्रभर एकाच कुशीवर पडून राहायचं. ती झोप नव्हे, पहारा.

इथपर्यंत ही घडीची शाखा. चड्डीची दुसरी शाखा पाळण्यातून येते.

१९४७. इंग्लंडमध्ये व्हॅलरी हंटर गॉर्डन या बाईला, एका लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोला, तिसरं मूल होणार होतं. लंगोट धुण्याचा तिला वीट आला होता. तिनं जुन्या पॅराशूटच्या नायलॉनची छोटी चड्डी शिवली आणि आत सेल्युलोजच्या लगद्याची टाकाऊ गादी ठेवली. ओळखीच्या बायका मागू लागल्या. तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिलाई मशीन मांडून चारशेवर जोड्या शिवल्या. नाव 'पॅडी'. पुढं चेस्टरफील्डच्या रॉबिन्सन कंपनीनं ते बनवायला घेतलं. या बाईचं खरं महत्त्व मला वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. बाळाची सोय लावल्यावर तिनं तीच कल्पना बाईकडे वळवली आणि १९५०च्या दशकात 'निकिनी' काढली. छोटी चड्डी, आत बटणांनी अडकवायचं टाकाऊ पॅड. पट्टा नाही, पिना नाहीत. आमच्या फिक्या जांभळ्या चड्डीची सख्खी आजी कोण म्हणून विचाराल, तर मी निकिनीकडे बोट दाखवीन. ती कुठे गेली? स्वस्त डिंक आला आणि कोणाला निकिनीची गरज वाटेना.

बाळांची शाखा मात्र जोरात वाढली. अमेरिकेत प्रॉक्टर अँड गँबलचे अभियंते व्हिक्टर मिल्स नातवंडाचे लंगोट बदलून वैतागले, आणि त्यातून 'पॅम्पर्स' झालं. १९६१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावात ते विकून पाहिलं. नग १० सेंट. लोकांना आवडलं, पण परवडेना. कंपनीला किंमत उतरवावी लागली.

आता योगायोग पाहा. त्याच पिओरियात अमेरिकी कृषी खात्याची प्रयोगशाळा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना मक्याच्या स्टार्चचं काहीतरी करायचं होतं. १९७०च्या दशकात त्यांनी स्टार्चला एक कृत्रिम बहुवारिक जोडून स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिणारा पदार्थ बनवला. टोपणनाव 'सुपर स्लर्पर', भुरके मारणारा. उपयोग शेतीचा: बियाण्याला आणि मुळांना लावायचा, म्हणजे ओल टिकते. शेतकऱ्यांपेक्षा तो दुसऱ्यांच्याच कामी आला. १९७८ मध्ये जपानच्या सान्यो केमिकलनं असा महाशोषक व्यापारी प्रमाणात बनवायला घेतला, आणि सुरुवातीला तो गेला बायकांच्या पॅडमध्ये. बाळांच्या लंगोटात तो नंतर आला. या एका बाबतीत बायका बाळांच्या पुढे होत्या, हे नोंदवून ठेवते, कारण पुढं क्रम उलटा लागतो.

आज ते रव्याचे दाणे म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. दाण्याच्या आत सोडियमचे आयन अडकलेले असतात. बाहेरचं पाणी त्या खारटपणाकडे ओढलं जातं आणि दाण्याचं जाळं फुगतं. बाहेरचं पाणीच खारट असेल तर ओढ कमी होते. टेबलावरच्या साबुदाण्याच्या खिरीवर मी चमचाभर मीठ घातलं तेव्हा ते घट्ट जेल बघता बघता सुटलं आणि वर्तमानपत्र ओलं झालं. आई म्हणाली, "बघ, रक्त तर खारटच असतं." रसायनशास्त्र न शिकलेल्या बाईनं जाहिरातीतल्या निळ्या पाण्यावर यापेक्षा नेमकी टीका केलेली मी वाचलेली नाही.

कारण अनेक दशकं जाहिरातीत निळं पाणी ओतलं गेलं. लाल द्रव दाखवायला ब्रिटनमध्ये २०१७ उजाडलं. प्रयोगशाळांमध्येही बहुतेक मापं पाण्याची किंवा मिठाच्या पाण्याची. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या संशोधकांनी २१ प्रकारची साधनं खऱ्या रक्तानं तपासली. रक्तपेढीतलं मुदत संपलेलं रक्त वापरून. टँपॉन, पॅड, कप यांच्यात साधारण २० ते ५० मिलिलिटर मावलं, योनीत बसवायच्या चपट्या डिस्कमध्ये ६१. आणि सगळ्यांत कमी रक्त मावलं ते धुऊन पुन्हा वापरायच्या पाळीच्या चड्डीत, सरासरी २ मिलिलिटरच्या आसपास. धुवायची चड्डी आणि टाकायची चड्डी या दिसायला बहिणी असल्या तरी घराणी वेगळी, हे यावरून कळावं. एकीत कापडाचे थर, दुसरीत लगदा आणि दाणे. दुकानात दोन्हींना 'पीरियड पँटी'च म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो.

जाता जाता आपली एक गोष्ट. सॅनिटरी नॅपकिनसाठीच्या भारतीय मानकाची, आयएस ५४०५ची, १९८० सालची आवृत्ती. त्यात पॅडच्या मध्यावर मिनिटाला १५ मिलिलिटर या वेगानं ३० मिलिलिटर द्रव सोडायचा आणि तो कडेनं किंवा खालून दिसता कामा नये, अशी चाचणी होती. द्रव कोणता? रंगीत पाणी, किंवा मेंढीचं वा बकरीचं रक्त. म्हणजे खऱ्या रक्ताची वाट कागदावर तरी आपल्याकडे १९८० मध्येच उघडी होती. कारखान्यात बकरीचं रक्त आणायला कोण जाणार, हा प्रश्न वेगळा.

चड्डीचा शेवटचा टप्पा म्हणजे ती वर ओढून घालता येणं. लंगोट झोपवून बांधावा लागतो. १९८९ मध्ये किंबर्ली-क्लार्कनं चालत्या मुलांसाठी 'पुल-अप्स' काढले. १९९२ मध्ये जपानच्या युनिचार्मनं बाळांसाठी चड्डीसारखा डायपर आणला. हे शक्य झालं ते कमरेतल्या त्या केसासारख्या धाग्यांमुळे. मूळचे ते स्पँडेक्स, ड्यू पाँटच्या जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये बायकांच्या घट्ट अंतर्वस्त्रांतल्या रबराला पर्याय म्हणून शोधलेले. बायकांच्या कपड्यातून धागा बाळांकडे गेला. बाळांकडून वृद्धांकडे: लघवीवर ताबा न राहिलेल्यांसाठी तशाच चड्ड्या निघाल्या. आणि सगळ्यांत शेवटी कोणाच्या तरी लक्षात आलं, की हीच वस्तू पाळीच्या रात्री चालेल. आधी बाळ, मग म्हातारा, मग बाई. घरात ताटं वाढायचा क्रमही आपल्याकडे बराच काळ हाच होता.

इथंही पुढाकार पूर्व आशियाचा. जपानचं मला नवल वाटतं. १९६१ पर्यंत तिथं टाकाऊ पॅड जवळजवळ नव्हतंच. त्या वर्षी २७ वर्षांच्या एका बाईनं 'अ‍ॅने' नावाचं नॅपकिन बाजारात आणलं. नाव अ‍ॅन फ्रँकवरून, कारण त्या मुलीनं डायरीत पाळीबद्दल मोकळेपणानं लिहिलं होतं. अमेरिकेच्या मागे पडल्याबद्दल, चाळीस वर्षं थांबायला लावलं, अशी जाहिरातीतच कबुली दिली आणि जपानी मुली पाळीला 'अ‍ॅनेचा दिवस' म्हणू लागल्या. पुढं युनिचार्मच्या 'सोफी'नं रात्रीचं पॅड लांबवत लांबवत त्याची सरळ चड्डीच केली. चीनमध्ये या चड्डीला 'आनशिन-कू' म्हणतात, मन निर्धास्त ठेवणारी विजार. अमेरिकेतल्या एका नावात तर 'झेड' अक्षरांची रांगच आहे, घोरण्याची. तिन्हीकडे ग्राहक ओळखला होता: रात्री उठून चादर तपासणारी बाई.

आपल्याकडे ती गेल्या दहाएक वर्षांत आली आणि आता दहा मिनिटांत घरपोच मिळते. नगाला साधारण चाळीस-पन्नास रुपये. या आकड्यापाशी थोडं थांबायला हवं. २०१८ मध्ये आपल्या राज्याच्या 'अस्मिता' योजनेत जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ८ पॅडचं पाकीट ५ रुपयांना द्यायचं ठरलं. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा १२ टक्के जीएसटी हटला. तेवढ्या १२ टक्क्यांसाठी देशभर आंदोलन झालं होतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या मुलींपैकी ६४ टक्के पॅड वापरत होत्या आणि निम्म्या अजून कापडही. म्हणजे अनेकजणी दोन्ही: बाहेर जाताना पॅड, घरी घडी. अशा देशात ही चड्डी पाचही दिवसांची वस्तू होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. ती एखाद-दुसऱ्या रात्रीची वस्तू आहे. नांदेडहून मुंबईला निघालेल्या रात्रीच्या बसची, बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्याची, गर्भाशयात गाठी असणाऱ्या चाळिशीतल्या बाईची, अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्वतःचं स्वतः करू न शकणाऱ्या मुलीची, आणि तिचं करणाऱ्या आईची. या शेवटच्या दोघींना पॅड सारखं करत बसण्यापेक्षा चड्डी किती सोपी, हे घरात पाहिल्याशिवाय कळत नाही.

घ्यायचीच तर काय बघून घ्यायची? पाकिटावरची 'इतकी पॅड बरोबर एक चड्डी' ही फुशारकी सोडून द्या. माप कंबरेचं नव्हे, नितंबांच्या सगळ्यात रुंद भागाचं घ्या, टेपनं, उभं राहून. मोठी चड्डी म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज उलटा आहे. सैल झाली की मांडीची झालर अंगाला लागत नाही, आणि ती लागली नाही तर बाकी सगळं फुकट. घातल्यावर त्या झालरी बोट फिरवून बाहेर काढा. दुमडून आत राहिल्या तर बांध फुटलेलाच. गादी मागच्या बाजूला कमरेपर्यंत पोचते का, हे एक नग उलगडून पाहा. काही स्वस्त नगांत ती मध्येच संपते आणि पुढं नुसतं कापड असतं. सुवासिक घेऊ नका. रक्ताला वास हवेत येतो, सुगंधानं फक्त कातडी चिडते. खाज किंवा पुरळ आलं तर त्या कंपनीला रामराम. रात्रभर ठीक, पण दिवसा आठ तासांच्या वर एकच ठेवू नये, जेल कितीही कोरडं वाटो.

ते जेल अंगात जाईल का, अशी भीती अनेकजणी विचारतात. तिचं मूळ १९८० मधलं आहे. अमेरिकेत 'रिलाय' नावाच्या अतिशोषक टँपॉनचा संबंध टॉक्सिक शॉक या जीवघेण्या आजाराशी जोडला गेला, बायका दगावल्या आणि तो परत घेतला गेला. पण टँपॉन शरीराच्या आत तासन्‌तास राहतो, चड्डी बाहेर. दोन्हींचा धोका एक नव्हे. मला वेगळी काळजी वाटते. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर सतत जात असेल तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. चड्डी इतकं मुकाट पिऊन टाकते की किती गेलं ते बाईला कळतच नाही. पूर्वी चादर सांगायची. दर पाळीला दोन-तीन रात्री चड्डी भिजून जड होत असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासा आणि मग पुढचं पाकीट मागवा.

टेबल आवरताना आईनं शेवटचा प्रश्न विचारला. "हे टाकायचं कुठं गं?"

घडी धुतली जायची, जीर्ण झाली की पुरली किंवा जाळली जायची. ही चड्डी कुठंच जात नाही. प्लास्टिक, पॉलिप्रॉपिलीन, स्पँडेक्स, पॉलिअ‍ॅक्रिलेट, वर रक्त. एका पॅडपेक्षा कितीतरी जास्त माल. शौचालयात टाकली तर पाणी पिऊन फुगते आणि नळी बंद. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायकांनी २०१३ मध्ये वापरलेली पॅड पोत्यांत भरून बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत पाठवली होती, तुमचं तुम्ही निस्तरा म्हणून. २०१६च्या घनकचरा नियमांत कंपन्यांनी पाकिटाबरोबर गुंडाळायला पिशवी द्यावी असं आलं. भाचीच्या पाकिटात ती नव्हती. त्याच बायकांनी रद्दीच्या वर्तमानपत्राच्या छोट्या पिशव्या बनवून विकल्या आणि लाल ठिपक्याची खूण रुजवली: आत काय आहे ते बाहेरून कळावं, हात लागू नये.

मी कापलेल्या चड्डीवर रक्त नव्हतं. तरी ती त्याच ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली, दोऱ्यानं बांधली, भाचीच्या कंपासपेटीतल्या लाल स्केचपेननं वर ठिपका काढला आणि सुक्या कचऱ्यात ठेवली. आमच्या सोसायटीत कचरा न्यायला मावशी सकाळी सातला येतात. त्यांच्याकडे हातमोजे असतात, पण वर्गीकरण करताना ओल्या बोटांनी पिशवी सुटत नाही म्हणून त्या ते काढून ठेवतात.